लहान माणसाचे अपील आणि दहा हजारांचा उंबरठा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



करपद्धतीवर बोलावे असे मला सुचविण्यात आले तेव्हा आपणांपैकी बहुतेकांची अपेक्षा अशी असणार की, प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर, त्यांचे परस्परांशी प्रमाण आणि गरिबांवर पडणारा बोजा या नेहमीच्या विषयाची मी मांडणी करीन. आज त्या वाटेने जाण्याचा माझा विचार नाही. कर किती असावा आणि तो कोणावर असावा यावर आपल्या चळवळीत पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु आपल्यावर बसविलेला कर चुकीचा आहे असे ज्याला वाटते त्याने दाद कोठे मागावयाची, आणि ती मागण्यासाठी आधी कोणाची परवानगी घ्यावयाची, हा प्रश्न आपण वकिलांच्या हवाली करून मोकळे झालो. मी वकील नाही. अर्थशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तरीही मला असे वाटत आले आहे की, अपिलाची परवानगी हा विषय जितका कायद्याचा आहे तितकाच अर्थशास्त्राचा आहे, आणि राजकारणाचा तर आहेच आहे.

प्रारंभ इतिहासापासून करू. १० एप्रिल १८३८ रोजी इंग्लंडच्या राजदरबाराने एक हुकूम काढला. हिंदुस्थानातील न्यायालयांच्या निकालावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करावयाचे असेल तर वादाची किंमत कंपनी सरकारचे दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक असली पाहिजे, आणि अर्ज सहा महिन्यांच्या आत आला पाहिजे, असा तो हुकूम होता. हा दहा हजारांचा आकडा मोठा चिवट निघाला. कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले. उच्च न्यायालये स्थापन झाली. १९०८ सालची दिवाणी प्रक्रिया संहिता आली. दोन महायुद्धे झाली. रुपयाची किंमत किती वेळा पडली व चढली. आकडा मात्र जागचा हलला नाही. १० ऑक्टोबर १९४९ रोजी प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपुष्टात आला तोपर्यंत तो कायम होता. त्याहून कमी रकमेचा वाद असेल तर एकच मार्ग उरे. हे प्रकरण सर्वसामान्य महत्त्वाचे आहे असा दाखला उच्च न्यायालयाकडून मिळवावयाचा, किंवा थेट प्रिव्ही कौन्सिलकडून विशेष परवानगी मागावयाची. म्हणजे श्रीमंताला जे हक्काने मिळे ते गरिबाने मेहेरबानी म्हणून मागावयाचे.

येथे प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. पन्नास रुपयांच्या वादासाठी लंडनपर्यंत जाणे हा शुद्ध वेडेपणा होय. मूळ कागदपत्रांची भाषांतरे करावयाची, ती छापून घ्यावयाची, तेथे सॉलिसिटर व बॅरिस्टर नेमावयाचे आणि काही वर्षे वाट पाहावयाची. या खर्चापुढे वादाची रक्कम नगण्य ठरे. शिवाय उंबरठा नसता तर धनवंत पक्षाने प्रत्येक हरलेला दावा लंडनला नेला असता आणि येथे जिंकलेला गरीब तेथे केवळ खर्चाने हरला असता. म्हणजे दहा हजारांचा हा नियम लहान माणसाची ढालही होता. ही ढाल केव्हा काम देई आणि केव्हा बाजूला सारली जाई, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

‘स्पूनर विरुद्ध जड्डो’ हा मुंबईचा खटला पाहा. स्पूनर हे मुंबईचे महसूल कलेक्टर. जड्डो हा घरमालक; त्याचे नाव इंग्रज लिपिकाच्या कानाला जसे ऐकू आले तसे अहवालात छापले गेले आहे. जमिनीवरच्या ठराविक सरकारी साऱ्याच्या थकबाकीपोटी कलेक्टरांनी जप्ती केली. जप्ती बेकायदा आहे म्हणून घरमालकाने मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. रक्कम दहा हजारांच्या जवळपासही जात नव्हती. नियमाप्रमाणे प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. पण कलेक्टरांनी विशेष परवानगी मागितली आणि प्रिव्ही कौन्सिलने ती दिली. महसुलाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाला अधिकार आहे की नाही हा व्यापक प्रश्न त्यात गुंतलेला होता, म्हणून रक्कम लहान असली तरी प्रकरण लहान नाही, असे ठरले. १८५० साली निकाल कलेक्टरांच्या बाजूने लागला. अधिकाऱ्याने आपण नियमानुसार वागत आहोत असे प्रामाणिकपणे मानून महसूल वसूल केला असेल, तर त्यात त्याची चूक झाली असली तरी न्यायालयाला त्यात हात घालता येणार नाही, असे या निकालाने प्रस्थापित झाले.

या खटल्यात न्यायाधीशांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. व्यापक महत्त्वाचा प्रश्न असेल तर रक्कम पाहू नये, हे तत्त्व योग्यच आहे. माझे म्हणणे निराळे आहे. घरमालकाच्या दृष्टीने हा वाद एका घराच्या साऱ्याचा होता. सरकारच्या दृष्टीने तो मुंबई बेटातील प्रत्येक घराच्या साऱ्याचा आणि पुढच्या सगळ्या वर्षांचा होता. वाद एकच, पण दोन पक्षांच्या वहीत त्याची किंमत वेगवेगळी. तिजोरी नेहमी बेरजेने विचार करते, प्रजाजन एकेकटा विचार करतो. आणि ‘वादाची किंमत’ मोजणारा कायदा प्रजाजनाला त्याच्या एकट्याच्या खिशावरून मोजतो. बेरीज करण्याची सवलत ज्याला आहे त्याचा वाद आपोआपच ‘सर्वसामान्य महत्त्वाचा’ होतो. हजार खातेदारांवर तीच चूक हजार वेळा झाली तरी कायद्याच्या लेखी ते हजार किरकोळ वाद असतात. सरकारी वित्तव्यवहाराच्या पाठ्यपुस्तकांत हा मुद्दा मला कधी आढळला नाही, आणि आढळावयास हवा होता.

या परिस्थितीची मुळे आणखी मागे जातात. बंगालमध्ये काशीजोडा जमीनदारीच्या प्रकरणावरून सुप्रीम कोर्ट आणि गव्हर्नर जनरलचे कौन्सिल यांच्यात उघड संघर्ष झाला. तेव्हा १७८१ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून महसुलाच्या बाबी कलकत्त्याच्या न्यायालयाच्या कक्षेतून काढून घेतल्या. तोच निर्बंध पुढे मुंबई व मद्रास येथे आला, १९१५ आणि १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्यांतून उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्राला चिकटून राहिला, आणि १९५० साली आपल्या राज्यघटनेच्या २२५ व्या कलमाने तो काढून टाकला. एकशे एकोणसत्तर वर्षे! संस्थाने खालसा करण्याचे धोरण बदलले, भाषेचे धोरण बदलले, जकातीचे बदलले. पण महसूल न्यायालयाच्या हाती द्यावयाचा नाही या धोरणात साम्राज्याने कधी तडजोड केली नाही. राज्य कशावर उभे असते हे त्याला बरोबर ठाऊक होते.

मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८७६ साली महसुली अधिकारक्षेत्राचा स्वतंत्र कायदा झाला. शेतसाऱ्याची आकारणी किती व्हावी याबद्दल सरकारविरुद्ध दावा करण्यास त्याने दिवाणी न्यायालयांना मज्जाव केला. ज्यांच्याजवळ सनद होती, अमुक जमीन साऱ्यातून मुक्त आहे असे जे सांगू शकत होते, अशा इनामदार वर्गासाठी काही वाट मोकळी ठेवली. साध्या खातेदाराला मात्र मामलेदाराविरुद्ध त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, त्याच्याविरुद्ध आणखी वरच्याकडे, अशी एकाच खात्याची शिडी चढावयास ठेवली. आणि गंमत अशी की, याच कायद्याने सरकारला एक खास दार ठेवले होते : एखाद्या प्रश्नावर उच्च न्यायालयाचे मत हवे असे सरकारला वाटले तर सरकारने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवावा! प्रश्न विचारण्याचा हक्क सरकारला; खातेदाराला फक्त उत्तर भोगण्याचा.

आता थोडा हिशेब करू. एखादा खातेदार वर्षाला वीस रुपये सारा भरतो असे समजा. फेरआकारणीत बावीस टक्के वाढ झाली. वाढ झाली चार रुपये सहा आणे आणि वर काही पै. जमाबंदी तीस वर्षांची असे. म्हणजे तीस वर्षांची वाढ एकत्र धरली तरी ती होते एकशे बत्तीस रुपये. समजा, १८७६ चा कायदा नसता आणि न्यायालयाचे दार उघडे असते. तरीही दहा हजारांच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्यास अशा शहात्तर खातेदारांची तीस वर्षांची वाढ एकत्र करावी लागली असती. आणि एकत्र करता येत नव्हते, कारण आकारणी प्रत्येकाची वेगळी, खाते वेगळे, वादही वेगळा.

बावीस टक्के हा आकडा मी कोठून घेतला हे आपल्या ध्यानात आलेच असेल. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यावर मुंबई सरकारने लादलेली ही वाढ. परंतु बारडोलीच्या दहा वर्षे आधीचा खेडा जिल्हा प्रथम पाहिला पाहिजे. १९१८ साली तेथे पीक बुडाले. पीक चार आण्यांहून कमी आले तर सारा तहकूब व्हावा असा नियम होता. पीक चार आण्यांहून कमी आहे असे शेतकरी म्हणत, जास्त आहे असे अधिकारी म्हणत. वाद इतकाच, पण तो ठरवावयाचा कोणी? आणेवारी लावणारा अधिकारी आणि त्याच्याविरुद्धचे गाऱ्हाणे ऐकणारा अधिकारी एकाच खात्याचे. गांधीजींनी निःपक्ष चौकशी मागितली, ती नाकारली गेली, आणि मार्च १९१८ मध्ये नडियादला सत्याग्रह सुरू झाला. म्हणजे आपण ज्याला साराबंदीचा लढा म्हणतो त्याच्या तळाशी अपिलाचे हे नाकारलेले दार होते. रयतेला सारा भरावयाचाच नव्हता असे नव्हे. आपले म्हणणे आपल्या प्रतिपक्षाखेरीज दुसऱ्या कोणीतरी ऐकावे, एवढेच तिला हवे होते.

बारडोलीत हीच मागणी अधिक स्पष्टपणे पुढे आली. फेब्रुवारी १९२८ मध्ये वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली लढा सुरू झाला तेव्हा मुख्य मागणी वाढ रद्द करण्याची नव्हती. वाढ रद्द करा, नाहीतर स्वतंत्र चौकशी नेमा, अशी ती होती. सरकारने जप्त्या केल्या, जमिनी लिलावात काढल्या, गुरे हाकून नेली. अखेर ऑगस्टमध्ये चौकशीला मान्यता द्यावी लागली. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूल खात्याचे मॅक्सवेल हे चौकशीला बसले. (हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश.) शेतकऱ्यांच्या बाजूने भुलाभाई देसाई उभे राहिले. पुरावा तपासला गेला, गावोगावचे खंडाचे व्यवहार पाहिले गेले, आणि बावीस टक्क्यांच्या जागी सव्वासहा टक्केसुद्धा वाढ टिकली नाही; आकडा निघाला ६.०३. सरकारी आकडा इतका ढासळला तो कोणा क्रांतिकारकाच्या भाषणाने नव्हे. निःपक्ष माणसाने कागद उघडून पाहिले, एवढेच कारण त्याला पुरले. कायद्याने ज्या लहान वादांची बेरीज नाकारली होती ती तालुक्याने आपल्या अंगाने करून दाखविली. आपल्या इतिहासलेखनात बारडोलीचे शौर्य भरपूर येते. ही बाजू फारशी येत नाही.

आयकराची कथा शहरी मध्यमवर्गाची आहे, म्हणून तिच्यावर थोडक्यात बोलतो. १९१८ च्या कायद्यात करदात्याने अर्ज केला तर कायद्याच्या अर्थाचा प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठविण्याची तरतूद होती. मात्र अर्ज पोकळ आहे किंवा प्रश्न पाठविण्याची गरज नाही, असे मुख्य महसूल अधिकाऱ्याला वाटले तर त्याने तो पाठवू नये. पुन्हा तेच : प्रतिपक्षाच्या परवानगीने न्याय. १९२२ च्या कायद्याने अधिकाऱ्याने नकार दिल्यास उच्च न्यायालयाकडे जाण्याची सोय केली, ही खरी सुधारणा होय. पण अर्जासोबत शंभर रुपये शुल्क ठेवले. त्या वर्षी दोन हजार रुपये उत्पन्नापासून कर लागे आणि पहिल्या टप्प्याचा दर रुपयास पाच पै होता. दोन हजार उत्पन्नाच्या कारकुनाला वा दुकानदाराला वर्षाचा कर बसे बावन्न रुपये एक आणा चार पै. सबंध कर बावन्न, आणि त्यातील एखाद्या भागाबद्दल प्रश्न विचारण्याचे शुल्क शंभर! उंबरठा कायद्यात लिहिलाच पाहिजे असे नाही. शुल्काच्या रूपानेही तो उभा करता येतो.

आणि उंबरठ्याच्या वरच्या लोकांचे काय झाले? टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने भाग विकले जाण्याची हमी घेणाऱ्यांना दिलेल्या कमिशनाचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. १९२३ साली तेथे असे ठरले की, आयकराच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने दिलेले उत्तर हा केवळ सल्ला होय, अंतिम निकाल नव्हे. सबब त्यावर अपील नाही. म्हणजे कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यांनाही दार बंद. पण तीनच वर्षांत, १९२६ साली, आयकर कायद्यात कलम ६६-अ घालण्यात आले आणि उच्च न्यायालयाचा दाखला असेल तर प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करण्याचा मार्ग खुला झाला. १८७६ चा कायदा बारडोलीपर्यंत बावन्न वर्षे खातेदाराच्या वाटेत उभा होता, आणि तेथेही लढा झाल्यावाचून चौकशी मिळाली नाही. भांडवलाच्या वाटेतील धोंडा तीन वर्षांत उचलला गेला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? घटनेच्या १३३ व्या कलमात प्रारंभी हा उंबरठा तसाच आला. फक्त दहा हजारांचे वीस हजार झाले. ज्यांनी १९३० साली साराबंदीत तुरुंगवास भोगला त्यांच्या पिढीने ही तरतूद स्वीकारावी याचे मला नवल वाटते. परंतु राज्य हाती आल्यावर तिजोरीच्या बाजूने विचार करण्याची सवय लवकर जडते. तिसाव्या घटनादुरुस्तीने रकमेची ही अट गेली. ती दुरुस्ती १९७३ च्या फेब्रुवारीत अमलात आली. त्यानंतर कायद्याचा महत्त्वाचा व सर्वसामान्य प्रश्न आहे की नाही, एवढेच पाहावयाचे ठरले. तत्त्वतः हे फार मोठे पाऊल होते, आणि त्या काळात आपणही त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

आता आजच्या घडीला येतो, कारण केवळ इतिहासासाठी मी आपला वेळ घेतलेला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. या कायद्याने अपील न्यायाधिकरण निर्माण केले. पण ते प्रत्यक्षात सुरू झाल्याची औपचारिक घोषणा व्हावयास २४ सप्टेंबर २०२५ उजाडले. मधली आठ वर्षे पहिल्या अपिलात हरलेल्या व्यापाऱ्याला एक तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागे, नाहीतर गप्प बसावे लागे. लातूरच्या किंवा चिपळूणच्या लहान दुकानदाराला यांपैकी कोणता मार्ग परवडला असेल हे सांगावयास नको.

याच कायद्याच्या ११२ व्या कलमाचे दुसरे पोटकलम कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. वादातील कर, अथवा दंड किंवा शुल्क, पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक नसेल तर अपील दाखल करून घेण्यास न्यायाधिकरण स्वेच्छेने नकार देऊ शकते. १८३८ चा हुकूम नव्या अक्षरांत! आणि उंबरठ्याच्या आधी अनामत आहेच : पहिल्या अपिलासाठी वादग्रस्त कराच्या दहा टक्के रक्कम भरावी लागते, न्यायाधिकरणाकडे जाताना आणखी दहा टक्के.

न्यायाने बोलावयाचे तर सरकारने स्वतःवरही मर्यादा घालून घेतली आहे. जून २०२४ च्या परिपत्रकानुसार वीस लाखांपर्यंतच्या वादात करखात्याने न्यायाधिकरणाकडे, एक कोटीपर्यंतच्या वादात उच्च न्यायालयाकडे आणि दोन कोटींपर्यंतच्या वादात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करू नये, असे ठरले आहे. ही मर्यादा प्रजाजनावरच्या मर्यादेपेक्षा खूपच मोठी आहे, आणि जिंकलेल्या लहान माणसाला ती खरोखर संरक्षण देते. तिचे मी स्वागतच करतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सरकारवरची मर्यादा परिपत्रकात आहे, ते काढणाऱ्यांना ते उद्या बदलता येईल. प्रजाजनावरची मर्यादा कायद्याच्या कलमात आहे. दुसरे असे की, परिपत्रकाला अपवाद आहेत. कायद्याची किंवा नियमाची वैधताच अमान्य झाली असेल तर रक्कम कितीही लहान असो, खात्याला अपिलाचा विचार करता येतो. म्हणजे कलेक्टर स्पूनर यांना मिळालेली वाट आजही मोकळी आहे. पन्नास हजारांच्या आतल्या दुकानदाराला ‘माझा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, बाजारातल्या दोनशे दुकानांचा आहे’ असे म्हणण्याचा तसाच लेखी अधिकार त्या कलमात कोठेही नाही.

आपल्यातील काही जण म्हणतील की, व्यापाऱ्यांची वकिली करणे हे समाजवादी पक्षाचे काम आहे काय? हा आक्षेप मला मान्य नाही. पन्नास हजारांच्या आतला वाद मोठ्या व्यापाऱ्याचा नसतो. तो शिवणयंत्रे दुरुस्त करणाराचा, मंडप घालणाराचा, सहकारी ग्राहक भांडाराचा, बचत गटाच्या पापड उद्योगाचा असतो. बड्या कंपनीपाशी कर सल्लागार आहेत. तिचा वाद कधी पन्नास हजारांच्या खाली येतच नाही.

तेव्हा मागणी नेमकी करावयास हवी. उंबरठा अजिबात नसावा, असे मी म्हणणार नाही. न्यायाधिकरणाचाही वेळ मर्यादित असतो. परंतु अपील नाकारताना कारणे लेखी दिली जावीत. तोच प्रश्न इतर करदात्यांच्या प्रकरणांतही उद्भवला आहे असे दाखविले तर रकमेच्या कारणावरून नकार देता येऊ नये. आणि एकाच मुद्द्यावरची लहान अपिले एकत्र करून त्यांची रक्कम एकत्रित मोजली जावी. यासाठी कलमात दोन ओळींची दुरुस्ती पुरेशी आहे. आपल्या आमदार-खासदारांकडे ती लेखी द्यावी.

ती होईपर्यंत तालुका पातळीवर एक काम लगेच करता येण्यासारखे आहे. आपापल्या बाजारपेठेत गेल्या काही महिन्यांत लहान करदात्यांविरुद्ध जे आदेश निघाले त्यांच्या नकला गोळा कराव्यात आणि मुद्द्यांनुसार त्यांची वर्गवारी करावी : कोणते विवरणपत्र उशिरा भरल्याबद्दल आहेत, कोणते पुरवठादाराने कर न भरल्यामुळे ग्राहकाची वजावट नाकारल्याबद्दल आहेत, कोणते नोटीस न पोचताच एकतर्फी निघाले आहेत. एका मुद्द्यावर वीस-पंचवीस आदेश हाती आले की एकच वकील त्या सर्वांची अपिले एकाच मसुद्याने करू शकतो आणि खर्च वाटला जातो. नकला गोळा करताना आदेशाची तारीख आणि तो हाती पडल्याची तारीख या दोन्ही वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. पहिल्या अपिलाची मुदत आदेश कळविला गेल्यापासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण दिल्यास अपील अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतो, त्याहून जास्त नाही.